बोगद्यातलं होकायंत्र

लंडनच्या यूस्टन स्टेशनात जमिनीखाली एक जागा अशी आहे, की तिथे भूगोलाच्या मास्तरांनाही घाम फुटावा. फलाट एकच, त्याच्या एका कडेला व्हिक्टोरिया लाइनची गाडी लागते, दुसऱ्या कडेला नॉर्दर्न लाइनची, बँक स्टेशनाकडे जाणारी. पहिल्या कडेची पाटी म्हणते ‘नॉर्थबाउंड’, म्हणजे उत्तरेकडे. दुसरीची पाटी म्हणते ‘साउथबाउंड’, दक्षिणेकडे. साध्या हिशेबाने या दोन गाड्यांनी एकमेकींकडे पाठ करून सुटायला हवं. पण दोघी एकाच दिशेला तोंड करून उभ्या असतात, एकाच दिशेला निघतात, आणि दोघींचं पुढचं स्टेशनही एकच: किंग्ज क्रॉस. ते यूस्टनच्या उत्तरेलाही नाही आणि दक्षिणेलाही नाही. ते जवळपास सरळ पूर्वेला आहे.

लेकाकडे उन्हाळ्यापुरतं आलेलं एखादं पुण्याचं जोडपं त्या फलाटावर उभं राहिलं, तर संवाद साधारण असा होतो.

“अहो, ही समोरची कुठे चाललीय?”

“ती साउथबाउंड. आपली नाही. निखालस नॉर्थबाउंड घ्या म्हणून सांगितलंय त्यानं.”

“पण तिच्या यादीत पण किंग्ज क्रॉसच आहे पहिलं.”

“असू दे. आपण उत्तरेनंच जायचं.”

तोवर साउथबाउंड गाडी निघून गेलेली असते आणि काका तिच्या शेपटाकडे, चुकीच्या गाडीत न बसल्याच्या समाधानानं पाहत असतात.

रेल्वेची बाजू घ्यायची तर हा गोंधळ नसून शहाणपणा आहे. व्हिक्टोरिया लाइन १९६८पासून टप्प्याटप्प्यानं सुरू झाली, तेव्हा इंजिनिअर मंडळींनी ठरवलं, की उतारूला जिने चढायला न लावता, फलाट ओलांडून गाडी बदलता आली पाहिजे. त्यासाठी त्यांनी बोगदे एकमेकांवरून-खालून फिरवले. नॉर्दर्न लाइनची ही शाखा कॅम्डेनकडून खाली उतरते, यूस्टनला पूर्वेकडे वळते आणि मग सिटीतून दक्षिणेला जाते. व्हिक्टोरिया लाइन ब्रिक्स्टनहून वर येते आणि यूस्टनला तीही पूर्वेकडे वळून ईशान्येच्या वॉल्थमस्टोची वाट धरते. म्हणजे दोघींची या टप्प्यापुरती वाट एक, मुक्काम मात्र परस्परविरुद्ध. पाटी मुक्कामाची असते. उतारूला ती वाटेची वाटते.

इथंच सगळी मेख आहे. भुयारी रेल्वेतली ‘उत्तर’ ही गाडीच्या नाकाची दिशा नसते, ती लाइनच्या टोकाची दिशा असते. एकदा कुणीतरी नकाशासमोर बसून ठरवायचं, की या लाइनचं हे टोक उत्तर आणि ते दक्षिण. मग मधे गाडी पूर्वेला जावो, पश्चिमेला जावो, नदीखालून वळसा घेवो, तिची उत्तर ठरली ती ठरली. वर रस्त्यावर असं कुणी केलं तर लोक भांडतील. खाली कुणी भांडत नाही, कारण खाली सूर्य नाही. मोबाइल काढावा तर उपग्रह पोचत नाहीत, आणि जुन्या बोगद्यांची बिडाची कडी आणि रुळांतून धावणारी वीज यांच्या संगतीत त्याच्यातलं होकायंत्रही बिथरतं. त्यामुळे रेल्वे सांगेल ती पूर्वदिशा, ही म्हण लंडनमध्ये शब्दशः पाळली जाते.

नॉर्दर्न लाइनचं नाव घेतलं की लंडनकर स्वतःच हसायला लागतात. संपूर्ण अंडरग्राउंडच्या जाळ्यातलं सर्वांत दक्षिणेचं स्टेशन कुठलं? मॉर्डेन. ते कुठल्या लाइनवर? नॉर्दर्न. मॉर्डेन १९२६ साली उघडलं आणि लाइनचं नाव ‘नॉर्दर्न’ ठेवलं ते १९३७मध्ये. म्हणजे नाव ठेवताना गाडी अकरा वर्षं दक्षिणेच्या टोकाला जात होती आणि हे नाव ठेवणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांचा जीव गुंतला होता उत्तरेकडच्या टेकड्यांवर लाइन वाढवण्याच्या एका मोठ्या योजनेत. मग महायुद्ध आलं, नंतर शहराभोवती हरितपट्ट्याचे नियम आले, आणि योजनेचा बराचसा भाग कागदावरच राहिला. नाव मात्र रुळावर आलं होतं, ते राहिलं. २०२१मध्ये याच लाइनला नवा फाटा फुटला, बॅटरसी पॉवर स्टेशनपर्यंत. केनिंग्टनहून तिकडे जाणारी गाडी मुख्यतः पश्चिमेकडे जाते. तिची पाटी? साउथबाउंड.

कॅम्डेन टाऊन हे या लाइनचं खरं परीक्षा केंद्र. तिथे दोन शाखा येऊन मिळतात आणि दोन निघतात. साउथबाउंडचे फलाटच दोन, आणि दोन्हींवरून सुटणारी गाडी बँकमार्गे जाऊ शकते किंवा चेअरिंग क्रॉसमार्गे. ‘दक्षिण’ कळूनही उपयोग शून्य. प्रश्न असतो तो ‘कुठल्या दक्षिणेची आधी येतेय?’ हा. म्हणून माहीतगार माणसं कुठल्याच फलाटावर उभी राहत नाहीत. ती दोन फलाटांमधल्या बोळात, एक डोळा या इंडिकेटरवर आणि एक त्या इंडिकेटरवर ठेवून थांबतात, आणि घंटा वाजली की एकदम एका बाजूला पळतात. नवखा माणूस त्यांच्या मागोमाग पळतो. तो कुठे पोचतो हे नशिबावर असतं.

काही लाइनी मात्र आपली दिशा ठरवून गप्प बसत नाहीत, मधेच बदलतात. ज्युबिली लाइन मुळात वायव्येच्या स्टॅनमोरहून खाली उतरणारी, म्हणून उत्तर-दक्षिण. १९९९मध्ये ती पूर्वेला स्ट्रॅटफर्डपर्यंत वाढवली, म्हणून नव्या भागात पूर्व-पश्चिम. त्याच एका गाडीला लंडन ब्रिजला ‘वेस्टबाउंड’ म्हणतात आणि बेकर स्ट्रीटला ‘नॉर्थबाउंड’. लंडनचं महाराष्ट्र मंडळ, १९३२चं, याच लाइनवरच्या डॉलिस हिल भागात आहे. गणपतीला पैठणी आणि झब्ब्यात लंडन ब्रिजहून निघालेलं कुटुंब पश्चिमेच्या गाडीत बसतं आणि उत्तरेच्या गाडीतून उतरतं. मधे जागाही बदललेली नसते, मोदकांचा डबाही मांडीवरून हललेला नसतो. पूर्वेच्या टप्प्यात तर ही लाइन थेम्सला चार वेळा ओलांडते. इतक्या कोलांट्या मारल्यावर तिच्याकडून एकच दिशा धरून ठेवण्याची अपेक्षा करणं हा अन्यायच.

पिकॅडिली लाइन जास्त मुरलेली. लेस्टर स्क्वेअरला ती ‘ईस्टबाउंड’ म्हणून उतारू घेते आणि नेते कॉकफॉस्टर्सला, जे लंडनच्या उत्तर सीमेवर आहे. किंग्ज क्रॉस सोडल्यावर ही पूर्वेची गाडी बहुतेक वेळ उत्तरेलाच चाललेली असते. तिचं दुसरं टोक हीथ्रो विमानतळ. तिथे १९८६मध्ये चौथ्या टर्मिनलसाठी एक गोल वळसा काढला, आणि त्या वळशातून गाड्या एकाच दिशेनं फिरतात. विमान चुकेल या धास्तीनं आधीच अर्धमेल्या झालेल्या माणसाला तिथं निदान फलाट निवडावा लागत नाही. एकच आहे.

आता सर्कल लाइन. गोल गोल फिरणाऱ्या लाइनला पूर्व-पश्चिम देणं हे धाडस लंडननं केलंय, आणि त्याला जबाबदार आहेत एकोणिसाव्या शतकातल्या दोन कंपन्या. जगातली पहिली भुयारी प्रवासी रेल्वे, मेट्रोपॉलिटन, १० जानेवारी १८६३ला पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी उघडली. वाफेची इंजिनं, बोगद्यात धूर, त्यामुळे दिशा दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे डिस्ट्रिक्ट रेल्वे आली आणि दोघींनी मिळून १८८४मध्ये वर्तुळ पुरं केलं. मिळून म्हणजे भांडत. मेट्रोपॉलिटनचे सर एडवर्ड वॉटकिन आणि डिस्ट्रिक्टचे जेम्स स्टॅट्स फोर्ब्ज यांचं एकमेकांशी विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. मेट्रोपॉलिटनच्या गाड्या मुख्यतः बाहेरच्या रुळांवरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत, डिस्ट्रिक्टच्या आतल्या रुळांवरून उलट्या. तिकीटघरंही आपापली. त्यामुळे बेसावध गिऱ्हाइकाला जवळच्या स्टेशनाचं तिकीट दिलं जाई, पण ते आपल्या कंपनीच्या दिशेचं. मग तो बिचारा शेजारच्या आळीत जायला सगळं लंडन फिरून यायचा. कोकणात याला चकवा लागला म्हणतात; लंडनमध्ये त्याचं रीतसर तिकीट मिळत होतं.

आज कंपन्या नाहीत, पण चकवा आहे. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारी सर्कल लाइनची गाडी किंग्ज क्रॉसला ‘ईस्टबाउंड’ असते. तीच गाडी टॉवर हिलला वळसा घालून वेस्टमिन्स्टरला आली की ‘वेस्टबाउंड’. तत्त्वतः यात काही चूक नाही. वर्तुळाच्या वरच्या कडेला जी पूर्व तीच खालच्या कडेला पश्चिम, हे शाळेत कंपास फिरवलेल्या कुणालाही पटेल. पण सकाळी साडेआठला, दुसऱ्याच्या छत्रीचं टोक बरगडीत रुतलेलं असताना, भूमिती पटत नाही.

त्यात २००९च्या डिसेंबरमध्ये सर्कल लाइन गोल राहिलीच नाही. वर्तुळात एकदा उशीर शिरला की तो दिवसभर गोल फिरत राहायचा, म्हणून तिला सुरुवात आणि शेवट देण्यात आला. आता ती हॅमरस्मिथहून निघते, एजवेअर रोडला जाता जाता भेटते, मग सगळं वर्तुळ फिरून पुन्हा एजवेअर रोडलाच येऊन थांबते. गंमत एजवेअर रोडच्या फलाटावर आहे. तिथून हॅमरस्मिथला जाणाऱ्या सर्कलच्या गाडीचं पुढचं स्टेशन पॅडिंग्टन. व्हिक्टोरियामार्गे वर्तुळ फिरायला निघालेल्या सर्कलच्या गाडीचंही पुढचं स्टेशन पॅडिंग्टन. लाइन तीच, रंग तोच पिवळा, दिशा तीच, स्टेशनाचं नावही तेच. फक्त ही पॅडिंग्टनं दोन आहेत. एक मोठ्या रेल्वे टर्मिनसच्या उत्तर टोकाला, दुसरं दक्षिणेकडे रस्त्यापलीकडे. “पॅडिंग्टनला उतर, मी फलाटावरच आहे,” असा निरोप दोघांनी पाळला तरी दोघांची गाठ पडेलच असं नाही. मुंबईकराला हे ओळखीचं वाटेल. दादरला पश्चिम रेल्वेचा तीन नंबर वेगळा आणि मध्य रेल्वेचा तीन नंबर वेगळा, या एका कारणानं किती माणसं परस्परांची वाट पाहत पुलाच्या दोन बाजूंना उभी राहिली असतील कोण जाणे. तिथे डिसेंबर २०२३मध्ये मध्य रेल्वेचे फलाट आठ ते चौदा असे सलग मोजायला घेतले आणि हा विषय मिटवला.

मग हे सगळं टाकून पॅरिससारखं का करत नाहीत? पॅरिसच्या मेट्रोत दिशा नसतात, टोकाचं स्टेशन असतं. अमुक लाइन, दिशा तमुक, संपलं. ऐकायला फार छान. पण यात दोन अडचणी. एक, टोक हलतं. चार नंबरच्या लाइनचं दक्षिणेचं टोक वर्षानुवर्षं पोर्त दोर्लेआँ होतं; २०१३मध्ये ते मेरी द मोंरूज झालं, २०२२मध्ये बान्यो. प्रत्येक वेळी सगळ्या पाट्या बदला आणि आजीच्या तोंडात बसलेलं नाव सोडवा. दुसरी अडचण फाट्यांची. लंडनची डिस्ट्रिक्ट लाइन पश्चिमेला ईलिंग ब्रॉडवेला जाते, रिचमंडला जाते, विम्बल्डनला जाते. ही सगळी नावं प्रत्येक पाटीवर कोंबायची तर पाटी फलाटाएवढी लागेल. ‘वेस्टबाउंड’ म्हटलं की सगळी एका शब्दात मावतात. विम्बल्डन नैर्ऋत्येला आहे ही गोष्ट वेगळी. तेव्हा होकायंत्राची भाषा अगदीच मूर्खपणाची नाही. ती रेल्वेच्या सोयीची आहे, एवढंच. उतारूची सोय खरं तर त्याच्याच खाली, बारीक अक्षरांत लिहिलेली असते: फलाटाच्या तोंडाशी भिंतीवर पुढच्या स्टेशनांची यादी. दिशा न वाचता थेट यादी वाचणारा माणूस लंडनमध्ये सहसा चुकत नाही, हे वर आलेल्या काकूंनी दोन मिनिटांत ओळखलं होतं.

न्यूयॉर्कनं उत्तर-दक्षिण उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि अपटाउन-डाउनटाउन धरलं. मॅनहॅटन बेट लांबट आणि अरुंद, त्यामुळे तिथे हे चालतं. बेटाचा चौकटीदार रस्त्यांचा आराखडा खऱ्या उत्तरेपासून सुमारे २९ अंश कललेला आहे, पण तिथल्या माणसाला तो कोन कधी बोचत नाही. अपटाउन म्हणजे उत्तर, बात खतम. घोडं अडतं ते नदी ओलांडल्यावर. ब्रुकलिनमध्ये उभं राहून डाउनटाउन म्हणजे कुठलं? शिवाय ‘डाउनटाउन ब्रुकलिन’ नावाचा भाग स्वतःच तिथे आहे. म्हणून तिथल्या पाट्या सरळ ‘मॅनहॅटनकडे’ असं लिहून मोकळ्या होतात.

मॉस्कोत वेगळाच तोडगा आहे, कानाचा. शहराच्या मध्याकडे जाणाऱ्या गाडीत स्टेशनांची घोषणा पुरुषाच्या आवाजात होते, बाहेर जाणाऱ्या गाडीत बाईच्या. वर्तुळाकार लाइनवर घड्याळाप्रमाणे पुरुष, उलट बाई. तिथले लोक हे लक्षात ठेवतात ते असं: साहेब कामावर बोलावतो, बायको घरी बोलावते. ज्यांच्या साहेब बाई आहेत त्यांनी काय करायचं याची सोय या सूत्रात नाही. पण डोळे मिटून, पेंगत, दिशा ओळखता येते, आणि हे लंडनच्या कुठल्याही पाटीला जमलेलं नाही.

ग्लासगोनं १८९६पासून सगळ्यांवर कडी केली आहे. त्यांच्या सबवेची लाइनच एक, ती पूर्ण गोल, स्टेशनं पंधरा, दोन बोगदे: बाहेरचा घड्याळाप्रमाणे, आतला उलट. पाट्यांवर फक्त ‘आउटर’ आणि ‘इनर’. पूर्ण फेरी साधारण चोवीस मिनिटांची. तिथे चुकीच्या गाडीत बसलेला माणूसही योग्य ठिकाणीच पोचतो, फक्त जरा उशिरा आणि जास्त ग्लासगो पाहून. म्हणजे बोगदाच, तेव्हा पाहूनही फारसं नाही.

मुंबईकर यातल्या कुठल्याच पंथाचा नाही. रेल्वेचं अप-डाउन त्यानं कर्मचाऱ्यांसाठी सोडून दिलंय. तो विचारतो, ‘बोरिवली आहे का? फास्ट आहे का?’ आणि चढतो. पूर्व-पश्चिम हे शब्द त्याच्या तोंडी दिवसरात्र असतात, पण गाडीसाठी नव्हे, स्टेशनातून बाहेर पडण्यासाठी. अंधेरी ईस्ट म्हणजे रुळांची एक बाजू, वेस्ट म्हणजे दुसरी. ऑक्टोबर २०२५मध्ये आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा मेट्रो तीनचा मार्ग पुरा सुरू झाला आणि मुंबईला २७ स्टेशनांची भुयारी लाइन मिळाली. लोक तिथेही उत्तर-दक्षिण न म्हणता ‘कफ परेडवाली’ आणि ‘आरेवाली’ म्हणतात. मात्र सरकत्या जिन्यावरून वर आल्यावर, रूळ डोळ्यांसमोर नसताना, आपण ईस्टला निघालो की वेस्टला, हे ओळखायची सवय या शहराला नव्यानं लावून घ्यावी लागणार आहे.

जिन्यावरून वर येण्याचा हा क्षण लंडनलाही छळतो. जिना वळतो, बोळ वळतो, पुन्हा जिना वळतो, आणि बाहेर पाऊल टाकलं की चारही दिशा सारख्याच दिसतात. त्यावर शहरानं ‘लेजिबल लंडन’ या नावाचे उभे फलक रस्तोरस्ती लावले. त्यांवरच्या नकाशांत उत्तर वर नसते. माणूस ज्या दिशेला तोंड करून उभा आहे, ती दिशा वर असते. म्हणजे जिथं उतारूला उत्तर कळायची सोय नाही तिथं, जमिनीखाली, लंडन त्याला उत्तर-दक्षिण सांगतं. आणि जिथं, ढग नसतील तर, सूर्य दिसू शकतो तिथं उत्तर बाजूला ठेवतं. दोन्ही निर्णय एकाच वाहतूक खात्याचे.

दिशांच्या या गोंधळातला निम्मा दोष हॅरी बेक यांनी काढलेल्या, लंडनच्या भुयारी रेल्वेच्या लाडक्या नकाशाचा. १९३३मध्ये छापलेल्या या आराखड्यात रेषा फक्त आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशात. खरी वळणं इस्त्री करून टाकलेली. हा नकाशा पाहून लंडनकराच्या डोक्यात जे शहर बसलंय, ते जमिनीवर कुठेच नाही. त्यात भूगोलाची म्हणून एकच खूण उरलेली, थेम्स नदी. २००९च्या सप्टेंबरात नकाशा सुटसुटीत करण्याच्या नादात ती पुसली गेली आणि असा गहजब झाला, की तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन यांना नदी परत आणण्याचा शब्द द्यावा लागला. ती आली. दिशा चुकलेल्या माणसाला तिचा बोगद्यात काही उपयोग नसतो, पण आहे म्हटल्यावर बरं वाटतं.

आणि ज्यांना खरंच टोकाची उत्तर गाठायची असेल, त्यांच्यासाठी चेशम आहे. मेट्रोपॉलिटन लाइनवरचं हे स्टेशन लंडनच्या हद्दीबाहेर, बकिंगहॅमशरमध्ये. सगळ्या जाळ्यातलं सर्वांत उत्तरेचं स्टेशन तेच आणि सर्वांत पश्चिमेचंही तेच. वास्तुशास्त्रवाल्याला विचारलं तर तो एका शब्दात वायव्य म्हणून मोकळा होईल; लंडनच्या पाट्यांत मात्र मधल्या दिशांना जागा नाही, त्यामुळे सिटीतल्या बोगद्यातून ‘वेस्टबाउंड’ म्हणून निघालेली चेशमची गाडी बेकर स्ट्रीटनंतर ‘नॉर्थबाउंड’ होते. शेवटचा टप्पा, चॅल्फंट अँड लॅटिमर ते चेशम, सहा किलोमीटरच्या वर, जाळ्यातलं दोन स्टेशनांमधलं सर्वांत लांब अंतर. तिथे वापरात फलाट एकच आहे आणि रूळ त्याच्यापुढे जात नाहीत. गाडी येते, थोडा वेळ थांबते आणि आली त्याच वाटेनं परत निघते.